ट्राउट मासा आणि गळाची दोरी

गतवर्षी पावसाळ्याच्या आरंभी नववीच्या वर्गात इंग्रजीचा एक धडा चालू असता त्यात ‘ट्राउट’ नावाच्या माशाचा उल्लेख आला. कोणी एक मुलगा आपल्या आजोबांबरोबर डोंगरातील ओढ्यावर जातो, गळ टाकतो व संध्याकाळपर्यंत त्याच्या हाती एकच मासा लागतो, एवढाच काय तो कथाभाग. धडा संपल्यावर मागील बाकावरील एका विद्यार्थ्याने प्रश्न केला, “सर, त्या मुलाच्या गळाला दोरी कोणती होती?” वर्ग हसला, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. “आपल्यासारखीच असेल,” असे सांगून आम्ही पुस्तक मिटणार, तोच तो म्हणाला, “आपल्यासारखी असती तर माशाला दिसली असती. ओढ्याचा तळ दिसत होता असे धड्यात लिहिले आहे.”

ह्या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो. डोणगावची व आसपासच्या खेड्यांतील पुष्कळ मुले सुटीच्या दिवशी तळ्यावर अथवा पैनगंगेवर गळ घेऊन जातात हे आम्हास ठाऊक होते. परंतु त्यांपैकी एकाने पाण्याची स्वच्छता आणि दोरीची जाडी ह्यांचा संबंध मनाशी जुळवून ठेवला असेल अशी आमची कल्पना नव्हती. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास आम्हास बरेच वाचावे लागले, काही प्रयोग करावे लागले, आणि मध्यंतरी आमच्या हातून एक चूकही घडली. ते सर्व येथे क्रमाने सांगतो.

प्रथम हा मासा कोण, हे पाहिले पाहिजे. कारण दोरीची निवड माशाच्या स्वभावावरून होते. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. त्याच्या दोन जाती विशेष प्रसिद्ध आहेत. अंगावर तांबडेकाळे ठिपके असलेला तपकिरी ट्राउट मूळचा युरोपातील, आणि कुशीवर गुलाबी पट्टा असलेला इंद्रधनुषी ट्राउट मूळचा पॅसिफिक महासागराला मिळणाऱ्या नद्यांतील. हिंदुस्थानात हा मासा मुळात नव्हता. इंग्रज अधिकाऱ्यांस आपल्या मायदेशातील ओढ्यांची आठवण होई, म्हणून त्यांनी त्याची अंडी बर्फात जपून समुद्रमार्गे आणविली. काश्मीरसाठी आणलेली पहिली अंडी वाटेतच नासली; इ. स. १९०० मध्ये आलेली दुसरी खेप मात्र जगली आणि श्रीनगरजवळील हारवान येथे तिची वाढ झाली. पुढे १९०९ साली कुलूच्या खोऱ्यात हा मासा सोडण्यात आला. दक्षिणेत निलगिरीच्या थंड ओढ्यांतही तो रुजला आहे.

मग तो आमच्या पैनगंगेत का नसावा? ह्याचे उत्तर सहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून मिळण्यासारखे आहे. पाणी जितके थंड, तितका त्यात प्राणवायू अधिक विरघळतो. दहा अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. तेच पाणी तीस अंशांवर गेले म्हणजे तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. ट्राउटला बारा ते अठरा अंशांचे पाणी मानवते, आणि पंचवीस अंशांच्या आसपास त्याचा जीव गुदमरू लागतो. आपल्या वऱ्हाडात वैशाखात हवेचा पारा चाळिशीच्या पुढे जातो व नदीचे डोह अंग शेकावे इतके कोमट होतात. त्या पाण्यात आपली मरळ सुखाने राहते, कारण ती पाण्यावर तोंड काढून हवाही घेऊ शकते. ट्राउटला ती सोय नाही.

असा हा मासा खळखळत्या, काचेसारख्या पाण्यात राहतो. प्रवाहाकडे तोंड करून तो एका दगडाच्या आडोशास उभा असतो आणि वाहत येणारे बारीक किडे, त्यांच्या अळ्या, पाण्यावर पडलेल्या माश्या टिपतो. त्याची दृष्टी तीक्ष्ण आहे. भक्ष्य इतके लहान की ते ज्या गळास लावावयाचे तो गळही नखाएवढाच असावा लागतो. अशा ठिकाणी आपली ताडपत्री शिवण्याच्या सुतळीसारखी दोरी टाकली तर मासा भक्ष्याकडे येण्याऐवजी दगडाखाली जाईल. म्हणून आमच्या विद्यार्थ्याचे अनुमान अगदी बरोबर होते. धड्यातील मुलाची दोरी बारीकच असली पाहिजे.

किती बारीक, हा खरा प्रश्न आहे. आणि येथे गणित उपयोगी पडते. दोरीचे बळ तिच्या जाडीवर नव्हे, तर तिच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आठवीतील मुलेही जाणतात. म्हणजे दोरीची जाडी दुप्पट केली तर बळ चौपट होते, आणि जाडी निम्मी केली तर बळ चौथाईवर येते. साधारण प्रतीची ०·४० मिलिमीटर जाडीची नायलॉन दोरी आठ ते दहा किलोग्रॅम वजन पेलते. ०·२० मिलिमीटरची दोन ते अडीच किलोग्रॅमच. गळाने ट्राउट धरणारे लोक लहान ओढ्यांवर साधारणपणे ह्या दुसऱ्या जाडीच्या आसपासची दोरी वापरतात. दुकानदारास ‘सर्वांत मजबूत द्या’ असे सांगणारा मनुष्य ह्या मत्स्याच्या बाबतीत हमखास फसतो. ‘मासा पेलेल अशी सर्वांत बारीक द्या’ असे म्हणणारा बहुधा फसत नाही.

बारीक आणि तरीही बळकट अशी दोरी मिळविण्यासाठी मनुष्याने शेकडो वर्षे खटाटोप केला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीच्या अभ्यासकांस तो त्यातील जुन्या मराठी पदांमुळे परिचित आहे. परंतु त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण असून माशांच्या जाती, त्यांची खाद्ये व गळ टाकण्याचा खेळ ह्यांचे वर्णन केलेले आहे, हे फार थोड्यांस माहीत असते. राजेरजवाड्यांस नदीकाठी स्वस्थ बसण्याचा हा छंद आपल्याकडे इंग्रजांच्या पुष्कळ आधी होता. (शुभवर्तमानांत कोळ्यांची जाळी वारंवार येतात, गळ मात्र एकदाच येतो, मत्तयाच्या सतराव्या अध्यायात पेत्र गळ टाकतो तो प्रसंग विद्यार्थ्यांनी काढून पाहावा.)

इंग्लंडात आयझॅक वॉल्टन ह्या गृहस्थाने १६५३ साली गळाच्या मासेमारीवर एक पुस्तक प्रसिद्ध केले, ते आजही वाचले जाते. त्याच्या काळी घोड्याच्या शेपटीचे केस वळून दोरी करीत. काठीकडे पुष्कळ केसांचा पीळ, पुढे पुढे केस कमी करीत शेवटी गळाशी एकदोनच केस. ही रचना लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे. केसांच्या मागून रेशमी दोरी आली. रेशीम बळकट खरे, पण पाणी पिऊन जड होई, रोज वाळवावे लागे व तेलचरबी लावावी लागे. तिच्या टोकाला जो पारदर्शक तंतू बांधीत तो तर मोठा चमत्कारिक होता. रेशमाचा किडा कोश विणावयास लागण्याच्या ऐन बेतात असता त्यास शिरक्यात बुडवीत आणि त्याच्या पोटातील रेशमाच्या ग्रंथी काढून त्या हातांनी ताणून त्यांचा तंतू करीत. स्पेनमधील मुर्सिया प्रांतात ह्या धंद्यावर कित्येक कुटुंबांचा चरितार्थ चाले. तो तंतू हातभरही लांब नसे, कोरडा असता तडकन मोडे, म्हणून वापरण्यापूर्वी भिजत घालावा लागे. १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरदर्स ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले, १९३८ मध्ये त्याची जाहीर घोषणा झाली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत हे सारे घोड्याचे केस व किड्यांचे तंतू इतिहासजमा झाले.

आज बाजारात तीन प्रकारच्या दोऱ्या मिळतात. पहिली साधी नायलॉनची, एकाच तंतूची. ती स्वस्त आहे, गाठ चांगली धरते, आणि तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या जवळजवळ पाव हिश्शाइतकी ताणली जाते. हा ताण पुष्कळांस दोष वाटतो. आम्हास तो गुण वाटतो. कारण माशाने अकस्मात हिसडा दिला असता तो हिसडा दोरीच गिळून टाकते, आणि नवशिक्याच्या हाताला ज्या गोष्टी साधत नाहीत त्या ती त्याच्यासाठी करते. तिचा खरा दोष हा की, ती थोडे पाणी शोषते व ओली झाली म्हणजे तिचे बळ काहीसे उतरते.

दुसरी फ्लुओरोकार्बनची. ही १९७० नंतर जपानात निघाली. हिचे वैशिष्ट्य समजण्यास आमच्या प्रयोगशाळेतील एक गंमत पुरेशी आहे. उष्णतारोधक काचेची नळी गोडेतेलात बुडविली असता ती दिसेनाशी होते, कारण त्या काचेचा अपवर्तनांक आणि तेलाचा अपवर्तनांक जवळजवळ सारखे असतात. प्रकाश वळलाच नाही तर कड दिसणार कशी? पाण्याचा अपवर्तनांक १·३३, नायलॉनचा १·५३ च्या पुढे, आणि फ्लुओरोकार्बनचा १·४२. म्हणजे ही दोरी पाण्यात अगदी अदृश्य होते असे नव्हे, जाहिरातीत तसे म्हणतात खरे. पण नायलॉनपेक्षा ती कमी दिसते एवढे निश्चित. शिवाय ती पाण्याच्या पावणेदोनपट जड असल्यामुळे बुडते. तळाशी भक्ष्य न्यावयाचे असेल तर हे सोयीचे, पाण्यावर तरंगत ठेवावयाचे असेल तर गैरसोयीचे. तिसरी दोरी पॉलिएथिलीनच्या अतिसूक्ष्म धाग्यांची वेणी घालून केलेली. तिचे बळ तेवढ्याच जाडीच्या नायलॉनच्या कितीतरी पट असते. परंतु ती जवळजवळ ताणलीच जात नाही, पाण्यात उघड दिसते, आणि बोटावर गुंडाळून ओढली तर बोट कापते. ट्राउटसाठी ती टोकाशी बांधणे व्यर्थ आहे, आणि शाळेतील मुलांच्या हाती ती नसावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथपर्यंत जे सांगितले ते गांडूळ किंवा धातूचे खोटे आमिष लावून धरण्याविषयी झाले. ट्राउटचे खरे शौकीन मात्र एका निराळ्याच रीतीने त्यास धरतात, आणि त्या रीतीत दोरीला जे महत्त्व आहे ते दुसऱ्या कशातही नाही. नखाएवढ्या गळावर पीस व रेशीम बांधून ते पाण्यावरील माशीची प्रतिकृती तयार करतात. तिला वजन म्हणून नाहीच. आपण गळाला शिसे बांधतो व त्या शिशाच्या भाराने दोरी दूर जाते. इथे फेकावयास भारच नाही. तेव्हा ह्या लोकांनी युक्ती अशी केली की, भार दोरीतच घातला. वर गुळगुळीत लेप दिलेली ही जाड दोरी हवेत मागेपुढे झुलवून फेकतात. आपला शेतकरी आसूड ओढतो तेव्हा मुठीकडील जाड वादीतून निघालेली लाट टोकाकडील बारीक वादीत जाताजाता वेगवान होत जाते, तसेच हे आहे. फरक एवढाच की आसुडाने आवाज झाला पाहिजे, आणि येथे माशी आवाज न करता पाण्यावर टेकली पाहिजे.

ह्या दोऱ्यांस क्रमांक असतात, आणि ते जाडीचे नसून वजनाचे असतात. दोरीच्या पहिल्या ३० फुटांचे वजन करून क्रमांक ठरवितात. ट्राउटसाठी सर्वसाधारणपणे पाच क्रमांकाची दोरी घेतात. तिच्या ३० फुटांचे वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम भरते. अरुंद ओढ्यावर तीन वा चार क्रमांकाची हलकी दोरी बरी. दोरीचा क्रमांक व काठीचा क्रमांक जुळला पाहिजे, नाहीतर जड दोरीने काठी ढिली पडते आणि हलक्या दोरीने ती वाकतच नाही.

परंतु ही जाड रंगीत दोरी माशाने पाहिली तर सर्व श्रम फुकट. म्हणून तिच्या पुढे सुमारे ९ फुटांचा, निमुळता होत गेलेला पारदर्शक तंतू जोडतात. आणि त्याच्याही पुढे शेवटचा दीडदोन हात अतिशय बारीक तंतू असतो. ह्या शेवटच्या तंतूचे माप मोठे विनोदी आहे. पूर्वी किड्यापासून काढलेला तो तंतू पत्र्याच्या भोकातून ओढून बारीक करीत. एकदा ओढला की ‘एक एक्स’, दोनदा ओढला की ‘दोन एक्स’. किडे गेले, पत्रे गेले, एक्स मात्र राहिला. आजचा नियम असा की, ११ मधून एक्सचा आकडा वजा केला म्हणजे इंचाच्या सहस्रांशांत जाडी मिळते. पाच एक्सचा तंतू म्हणजे सहा सहस्रांश इंच, सुमारे ०·१५ मिलिमीटर, अर्थात आपल्या डोक्याच्या दोन केसांइतका जाड. कोणत्या गळास कोणता तंतू, ह्यासाठी जुने लोक गळाच्या क्रमांकास तिहींनी भागतात. १४ क्रमांकाच्या गळास चार किंवा पाच एक्स. आकडा जसा वाढतो तसा गळही लहान आणि तंतूही बारीक, हे ध्यानात ठेवले म्हणजे घोटाळा होत नाही.

एवढ्याशा तंतूवर किलोभराचा, झुंजणारा मासा कसा राहतो? तो तंतूच्या बळावर राहत नाही. काठी वाकते, दोरी ताणते, आणि रिळावरील रोधक दोरीच्या बळाच्या सुमारे चौथाई ओढीलाच सुटेल असा लावलेला असल्यामुळे मासा पळू लागला की दोरी त्याला दिली जाते. धरणारा ओढाताण करीत नाही. मासा दमेपर्यंत तो देत व घेत राहतो.

आता आमच्या प्रयोगांकडे वळू. ज्या दिवशी वर्गात प्रश्न निघाला त्याच्या पुढील आठवड्यात आम्ही पदार्थविज्ञानाच्या तासाला कमानी काटा छताच्या आकड्यास टांगला, त्यास मुलांनी आणलेल्या नायलॉन दोऱ्या बांधल्या आणि खाली बादलीत हळूहळू पाणी ओतले. वेष्टनावर छापलेले वजन एकाही दोरीने पेलले नाही. मुलांस वाटले, दुकानदाराने फसविले. परंतु तुटलेली टोके पाहता प्रत्येक वेळी दोरी गाठीपाशीच तुटली होती. साधी गाठ मारली असता दोरीचे बळ निम्म्याच्या आसपास येते. कारण गाठीत दोरी स्वतःलाच कापते. तेव्हा आम्ही मुलांस मासेमाऱ्यांची प्रसिद्ध गाठ शिकविली. टोक गळाच्या नेढ्यातून ओवावयाचे, मुख्य दोरीभोवती त्याचे पाच वेढे द्यावयाचे, ते टोक नेढ्याजवळच्या फासातून काढून पुन्हा मोठ्या फासातून परत घ्यावयाचे, आणि आवळण्यापूर्वी गाठ ओली करावयाची. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि नायलॉन तेथेच दुखावते. ही गाठ मारल्यावर बादली बरीच अधिक भरली. मुले आनंदली, आम्हीही आनंदलो. आमची चूक ती हीच. पण ती चूक आहे हे कळावयास श्रावण उजाडावा लागला.

त्या दिवशी आम्ही काही विद्यार्थ्यांसह मेहकरकडे पैनगंगेच्या काठी गेलो होतो. काठावरील एका बाभळीवर बगळा उलटा लोंबत होता. पंख पसरलेले, एका पायास नायलॉनचे वेढे, आणि दोरी फांद्यांत गुंतलेली. तो मरून दोनतीन दिवस झाले असावेत. एका मुलाने झाडावर चढून त्यास खाली उतरविले. दोरी मोजली ती पंधरा हात भरली. तिच्या टोकास गळ होता, आणि गळास पाच वेढ्यांची, ओली करून आवळलेली, नीटस गाठ होती. कोणी काही बोलले नाही. गाठ आम्ही सर्वांनी ओळखली.

ती दोरी कोणाची, हे आम्ही विचारले नाही. परंतु ती पंधरा हात का उरली ह्याचा विचार मात्र आम्हास सोडीना. आमची मुले एकच जाड दोरी वेळूच्या काठीपासून थेट गळापर्यंत नेतात. तरंगास ज्वारीच्या धांड्याचा तुकडा, थोडे शिसे, की काम झाले. रीळ नाही, रोधक नाही. पूर्वी गळ दगडात अडकला की दोरी कच्च्या गाठीपाशी तुटे आणि गळ तेवढा जाई. आम्ही गाठ पक्की केली, पण दोरी तीच ठेवली. आणि ती दोरी वर्षभर उन्हात खुंटीस टांगलेली. सूर्यप्रकाशाने नायलॉन वरून दिसत नाही असे आतून क्षीण होते. मग हिसडा बसला तेव्हा ती गळाशी न तुटता हाताजवळ तुटली, आणि सारी लांबी नदीकाठी राहिली. क्षीण झालेली दोरी मासा पेलत नाही. पण बगळ्यास अडकविण्यापुरती ती कित्येक वर्षे बळकट राहते. ती कुजून नाहीशी होण्यास शेकडो वर्षे लागतील असा अंदाज शास्त्रज्ञ करतात.

वॉल्टनच्या काळचे लोक गळाशी एकदोनच केस का ठेवीत, आणि आजचा ट्राउटचा शौकीन शेवटचा तंतू सर्वांत बारीक का ठेवतो, ह्याचे आम्ही एकच कारण वाचले होते व तेवढेच मुलांस सांगितले होते: माशाला दिसू नये. दुसरे कारण बगळ्याने शिकविले. दोरी कधी ना कधी तुटणारच. ती कोठे तुटावी हे बांधणाऱ्याने अगोदर ठरवून ठेवावयाचे असते. शेवटचा हातभर तंतू बाकी दोरीपेक्षा अशक्त असला म्हणजे तुटताना तोच तुटतो, आणि उरलेली सर्व दोरी मालकाबरोबर घरी परत येते.

आपल्या नदीत ट्राउट नाही, म्हणून त्याची मापे येथे जशीच्या तशी चालणार नाहीत. पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात दोरी दिसण्याचे भय थोडे. भय आहे ते दगडांचे, शेवाळाचे व दातांचे. मरळीस तीक्ष्ण दात असतात आणि ती पाणवनस्पतींच्या गचपणात शिरते, तेव्हा तिच्यासाठी मुख्य दोरी ०·४५ मिलिमीटरची असावी व शेवटचा तुकडाही ०·४० हून बारीक नसावा. रोहू तळाशी कणकेची गोळी चाखतमाखत घेतो आणि त्याचे तोंड मऊ असते. त्यास ०·३० मिलिमीटरची ताणणारी नायलॉन उत्तम, पुढील तुकडा ०·२५ चा. पेनटाकळीच्या धरणात मोठा कटला लागण्याचा संभव असेल तर ह्यात एकेक पायरी वाढवावी. वाम मात्र दगडाच्या कपारीत वेटोळे घालून बसते, आणि तिच्यापुढे कोणत्याही दोरीचा हिशेब चालत नाही. तिच्या वाटेस न जाणे हेच शहाणपण. हिवाळ्यात पाणी निवळले म्हणजे मात्र ट्राउटचा धडा आपल्याकडेही लागू पडतो, आणि दोरी एक पायरी बारीक केल्याविना रोहू फिरकत नाही.

पालकांस एक विनंती आहे. ही दोरी फार महाग नसते. जूनमध्ये मुलाने नवी मागितली तर जुनी अजून धड दिसते म्हणून नाकारू नये. दोन बोटांच्या नखांतून ती ओढून पाहावी. कोठे खरखर लागली अथवा पांढुरका डाग दिसला की ती टाकाऊ समजावी. टाकाऊ दोरी उकिरड्यावर फेकू नये, कारण तेथे गुरे चरतात, आणि ती जाळूही नये. आमच्या प्रयोगशाळेत दाराजवळ एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. कोणीही आपली जुनी दोरी बोटभर लांबीचे तुकडे करून त्यात आणून टाकावी.

ज्या विद्यार्थ्याने प्रथम प्रश्न केला होता तो आता दहावीत आहे. त्याची मुख्य दोरी ०·४० ची असून पुढचा हातभर ०·३० चा असतो, आणि दोहोंच्या जोडावर तो पाच वेढ्यांऐवजी सहा देतो; का, ते त्याने अजून सांगितलेले नाही. ह्या पावसाळ्यात त्याचे तीन गळ नदीत गेले. तिन्ही वेळा तो सोमवारी सकाळी उरलेली दोरी घेऊन प्रयोगशाळेत आला व टेबलावर मोजपट्टी ठेवून त्याने ती आमच्यासमोर मोजली. दोनदा वीतभर कमी भरली, एकदा चार बोटे.